पायांना दिलेला खोटा निरोप

सरांना मी पहिल्यांदा चालताना पाहिलं, तेव्हा त्यांच्या हाताखाली काम करून मला दोन वर्षं होऊन गेली होती.

त्यांचे पाय धडधाकट होते. कंपनीची गाडी त्यांना सकाळी दिल्लीतल्या मयूर विहारहून आणायची आणि गुडगावच्या आमच्या इमारतीच्या अगदी दारात सोडायची. दारात त्यांची खुर्ची तयार असायची, ऑफिसात सगळीकडे असते तशी, पाच चाकांची. गाडी ते खुर्ची ही तीन पावलं मी चालण्यात धरत नाही. एकदा बसले की संध्याकाळी गाडी येईपर्यंत ते खुर्चीतच. फरशी पायांनी रेटत कॉरिडॉरभर फिरायचे. तसं रेटलं की खुर्ची मागे जाते, त्यामुळे कुठल्याही खोलीत आधी सरांची पाठ यायची आणि मग सर. नव्या माणसाला ते बघून हसू यायचं. मला कधी आलं नाही. रिकाम्या कॉरिडॉरमधून ती चाकं गुरगुरत जवळ यायची, दार ढकललं जायचं, आणि चेहरा दिसायच्या आधी पांढऱ्या कोटातली पाठ बोलायला लागायची, "काय गं, पाहुणे जेवले का?"

पाहुणे म्हणजे उंदीर.

मी तेव्हा दिल्लीतच, मुनिरकात भाड्याच्या एका खोलीत राहायचे. वडील सैन्यात सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे. आमचं लहानपण दर तीन वर्षांनी नव्या छावणीत गेलं. पहाटे शिट्टी वाजली की मैदानावर बुटांचा आवाज सुरू, आणि आम्हा भावंडांनाही वडील दोन फेऱ्या मारल्याशिवाय दूध देत नसत. अशा घरातून आलेल्या मुलीला न चालणारा माणूस पहिल्या दिवसापासून खटकणारच. मुलाखतीत सरांनी माझी प्रमाणपत्रं बाजूला सारली आणि विचारलं, "पळतेस का?"

"आता नाही, सर."

"उत्तम," ते म्हणाले, आणि मला नोकरी मिळाली.

गुडगाव तेव्हा नुसतं उगवत होतं. मोहरीच्या शेतात काचेची इमारत, तिच्या शेजारी म्हशींचा गोठा, पुन्हा काचेची इमारत. पायी चालायला रस्ताच नव्हता कुठे. बाहेरून आलेली औषधं भरून विकण्याऐवजी आपणच नवीन औषध शोधायचं, असं तेव्हा आमच्या कंपनीच्या डोक्यात शिरलं होतं. त्यातलं एक रसायन सरांकडे होतं. त्याला नाव नव्हतं, नुसता नंबर. सर त्याला निरोप्या म्हणायचे.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समजावलं. "आपण धावतो तेव्हा स्नायूला काय कळतं? धावणं कळत नाही. त्याला फक्त निरोप मिळतो, की साठा संपत आलाय, चरबी जाळा, नवीन भट्ट्या लावा, उद्या हे परत होणार आहे. निरोप आला की तो कामाला लागतो. निरोप कुणी आणला, हे विचारत बसत नाही."

"म्हणजे आपण खोटा निरोप पाठवायचा?"

"बिल्कुल. शरीर फार भाबडं असतं गं. त्याच्याशी खोटं बोललं तर त्याला कळत नाही."

हे औषध कुणासाठी, तर ज्यांना धावता येत नाही त्यांच्यासाठी. हृदयाचे रुग्ण, अंथरुणाला खिळलेली माणसं. न धावता धावण्याचा फायदा. ऐकायला किती छान वाटतं.

सर उंदरांशी मराठीत बोलायचे, तेही अहो-जाहो करून. "अहो, जरा इकडे वळता का? एकच सुई आहे. चला, झालं." बाकी सगळ्या लॅबमध्ये हिंदी आणि इंग्रजी. त्यामुळे त्या पिंजऱ्यांच्या खोलीत मराठी बोलणारे आम्ही दोघं, आणि ते ऐकणारे तीनशे उंदीर. शरीराशी खोटं बोलायला निघालेला हा माणूस कागदावर मात्र एक अक्षर खोटं चालवून घेत नसे. एकदा एका सहकाऱ्यानं वजनाचा आकडा अंदाजानं भरला. सरांनी त्या आठवड्याचं सगळं काम रद्द करून पुन्हा करायला लावलं. ओरडले नाहीत. त्या सहकाऱ्याच्या टेबलाला खुर्ची टेकवून संध्याकाळपर्यंत गप्प बसून राहिले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुपारच्या चहाला ते खिडकीशी जायचे. समोर नव्या इमारतीत जिम उघडलं होतं, काचेला तोंड करून माणसं पट्ट्यावर धावायची. सर कप हातात धरून बघत राहायचे आणि हळूच म्हणायचे, "निळा शर्ट. आता थांबेल." निळा शर्ट थांबायचा. "ती पिवळीवाली, अजून दहा पावलं." दहाव्या पावलाला तिचा हात बटणाकडे जायचा. एकदाही चुकले नाहीत. मी विचारलं, "सर, कसं कळतं?" म्हणाले, "थकवा आधी खांद्यात येतो. माणसाला स्वतःला फार उशिरा कळतं."

एक दिवस आम्ही उंदरांना ट्रेडमिलवर घातलं. उंदरांचा पट्टा लहानसा असतो, रांगांत विभागलेला. मागे तारांची जाळी, तिला सौम्य विजेचा चटका. दमलेला उंदीर मागे सरकत सरकत त्या जाळीवर येतो आणि चटका सोसून तिथेच बसून राहतो. म्हणजे तो दमला. त्या दिवशी दोन माद्या होत्या. दोघी आयुष्यात कधी पळालेल्या नव्हत्या, पिंजऱ्यात बसूनच मोठ्या झालेल्या. एकीला आठ आठवडे निरोप्या दिलेला, दुसरीला नाही.

न दिलेली सव्वा तासानं जाळीवर बसली. दुसरी पळत राहिली. बाकीचे लोक जेवून आले, ती पळतच होती. पट्ट्यावर नखांचा टिपटिप टिपटिप आवाज, एका लयीत, जरासुद्धा फरक नाही. दमत आलेल्या उंदराची शेपटी लोळायला लागते, तोंड उघडतं. हिचं काहीच नाही. डोळे उघडे, पण ते कशाकडे बघत नव्हते. सर खुर्ची टेबलाशी भिडवून, हनुवटी काठावर टेकून बघत होते. शेवटी त्यांनीच पट्टा बंद केला.

पट्टा थांबला. तिचे पाय थांबले नाहीत. थांबलेल्या रबरावर ती जागच्या जागी घसरत पळत होती. मी घाबरून हसले.

"हसू नकोस," सर म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता. "ही पळत नाहीये गं. हिला कुणीतरी पळवतंय."

मग बऱ्याच वेळानं ती थांबली, अंग चाटून साफ केलं आणि झोपली. सर म्हणाले, "वेळ लिही. बाकी काही लिहू नकोस." वरच्या मजल्यावर त्या दिवशी पेढे वाटले गेले. सर वर गेले नाहीत. वर ते कधीच जात नसत. ज्यांना काम असेल ते खाली येत.

दिवाळीनंतर सर दोन दिवस आले नाहीत. तातडीच्या कागदांवर सह्या हव्या होत्या, म्हणून ऑफिसच्या गाडीनं मला मयूर विहारला पाठवलं. सोसायटीत तळमजल्याचं घर. उंबऱ्यावर प्लायवूडचा उतार केलेला. आतल्या खोलीत खिडकीशी पलंग, पलंगावर सरांच्या पत्नी, काकू.

सरांच्या घरी असं काही असेल याची मला कल्पनाच नव्हती. काकू शाळेत भूगोल शिकवायच्या. सात वर्षांपूर्वी बसमधून उतरताना बस हलली, त्या पाठीवर पडल्या. कमरेखाली काही उरलं नाही. हे सगळं त्यांनी मला पाच मिनिटांत सांगून टाकलं, जसं वर्गात एखाद्या नदीचा उगम सांगावा. मग विचारलं, "हे तिकडेही खुर्चीतच असतात ना?"

"हो काकू."

आतून चाकांचा आवाज येत होता. स्वयंपाकघरात सर चहा करत होते. घरीसुद्धा तेच.

"मी पडले त्याच वर्षी ह्यांनी चालणं सोडलं," काकू म्हणाल्या. "सकाळी बॅडमिंटन खेळायचे रोज, ते सोडलं. मी म्हटलं, अहो, तुमच्या न चालण्यानं मला काय मिळणार? तर म्हणतात, मला कळू दे तरी, काय असतं ते. आता काय बोलायचं अशा माणसापुढे?" आणि त्या हसल्या. मग एकदम आवाज कमी करून म्हणाल्या, "तुला एक गंमत दाखवते. ह्यांनी सांगितलं असेल नसेल." त्यांनी पायांवरची चादर बाजूला केली.

कमरेतून गेलेली माणसं मी सैन्याच्या हॉस्पिटलात पाहिलेली होती. पायांच्या काड्या होतात. काकूंच्या पोटऱ्या भरलेल्या होत्या. घट्ट, तकतकीत, रोज मैदानावर जाणाऱ्या माणसाच्या असतात तशा. मी बघत असतानाच उजवा गुडघा वर आला, टाच गादीवरून घसरत पुढे गेली. मग डावा. मग पुन्हा उजवा. एका लयीत.

"पूर्वी नुसते झटके यायचे," काकू म्हणाल्या. "आता बघ. चालतायत."

पाय चालत होते आणि काकू त्यांच्याकडे बघत होत्या, शेजारच्यांचं मूल अंगणात खेळताना बघावं तशा. त्यांच्या कपाळावर घाम आला. श्वास जोरात व्हायला लागला.

"दुखतं का, काकू?"

"मला काहीच कळत नाही गं तिकडचं. नुसती धाप लागते. कधी कधी वाटतं, मला न सांगताच हे कुठेतरी निघालेत." मग त्यांनी माझा हात धरला. "डॉक्टर म्हणतात नसा जुळलेल्या नाहीत. पण डॉक्टरांचं काय, पाय तर समोर दिसतायत ना? मी भाचीकडून बूट मागवून ठेवलेत. पलंगाखाली आहेत बघ."

पांढरे चालायचे बूट, खोक्यात, कागदासकट.

"अगं, फ्रिजमधलं दूध देतेस का?" सरांनी हाक मारली. मी स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिज उघडला. दाराच्या कप्प्यात, चटणीच्या बरणीशेजारी, निळ्या झाकणांच्या चार लहान बाटल्या. त्यांच्यावरचा नंबर माझ्याच अक्षरात होता.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "ते बी-ट्वेल्व्ह आहे, हिच्या इंजेक्शनचं. दूध वरच्या कप्प्यात."

मी दूध काढून त्यांच्या हातात दिलं. चहा प्याले. सह्या घेऊन परत आले. कुणाला काही बोलले नाही.

पाच महिने मी गप्प राहिले. नोकरी जाईल म्हणून, हे अर्धं खरं. अर्धं असं की मला ते पाय चालायला हवे होते. सर रोज सकाळी पाठीनं दार ढकलून आत येत आणि मी म्हणे, "हो सर, जेवले पाहुणे." आमच्या दोघांत त्या फ्रिजचा विषय कधी निघाला नाही.

मग ज्या उंदरांना वर्षभर निरोप्या दिला होता, त्यांची तपासणी आली. मारून, उघडून, एकेक अवयव बघायचा. ते काम माझं. पहिल्याच्या आतड्याला वाटाण्याएवढी गाठ होती. असतं कधी कधी असं. दुसऱ्याला होती. तिसऱ्याच्या यकृतातही होत्या. न दिलेले उंदीर घेतले, ते एकूण एक स्वच्छ. पुन्हा दिलेल्यांकडे वळले. दुपारपर्यंत सगळे ट्रेमध्ये ओळीनं मांडून झाले. मी सरांना बोलवायला गेले नाही. चाकं आपोआप आली.

त्यांनी ट्रेकडे बघितलं. एकेक करून सगळ्यांकडे.

"न दिलेले?"

"स्वच्छ, सर."

त्यांनी कोट काढला, खुर्चीच्या पाठीला लावला. मग उठले आणि चालायला लागले.

कॉरिडॉर, दार, फाटक. पहारेकरी उभा राहून बघतच राहिला. मी मागे धावले. बाहेर एप्रिलचं ऊन, वाळूचे ट्रक, अर्ध्या बांधलेल्या इमारतींचे सळयांचे सांगाडे. सर रस्त्याच्या कडेनं चालले होते. मी सव्वीस वर्षांची, मैदानावर वाढलेली, आणि पहिल्या वळणापाशीच माझ्या बरगडीखाली कळ आली. ते छप्पन्न वर्षांचे, सात वर्षं खुर्चीत बसलेले, आणि त्यांची पावलं लांब, सैल, एकसारखी पडत होती. श्वास वाढलेला नव्हता. मागून बघताना ती चाल एखाद्या तरुण खेळाडूची वाटत होती, सरांचे कपडे घातलेल्या.

"सर," मी ओरडले, "तुम्हीसुद्धा?"

ते थांबले नाहीत. "तिच्या आधी आठ महिने. तिला द्यायच्या आधी बघायला नको?"

"आणि काकूंना माहीत आहे?"

आता थांबले. "तिला वाटतं, ती बरी होतेय."

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"सांगणार होतो. आधी पाय भरले. म्हटलं, जरा नक्की होऊ दे. मग ते हलायला लागले. ती हसली गं. सात वर्षांनी अशी हसली. मग कसं सांगणार होतो?"

ट्रक गेला, धूळ उडाली. सर माझ्यासमोर अगदी स्थिर उभे होते, पण पँटच्या कापडाआड त्यांच्या मांड्या हलत होत्या, वाऱ्यानं पाणी हलावं तशा. त्यांनी माझी नजर पाहिली आणि दोन्ही हात मांड्यांवर दाबून धरले.

"उद्या घरी येशील?" ते म्हणाले. "तू समोर असलीस तर मी शब्द फिरवणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी गेले. मी येणार म्हटल्यावर काकूंनी सकाळीच कामवालीकडून बूट घालून घेतले होते. साडीखाली ते नवे पांढरे बूट. "कसे दिसतायत?" त्यांनी विचारलं. मी काय म्हणाले ते आठवत नाही.

सर खुर्चीत नव्हते. पलंगापाशी उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं. निरोप्या, बाटल्या, बी-ट्वेल्व्ह, स्वतः घेतलेलं, उंदरांच्या गाठी. एकही शब्द फिरवला नाही.

काकू बराच वेळ बुटांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ते चालणं माझं नव्हतं."

"नव्हतं."

"आणि रविवारी तुम्ही इथे बसून बघायचात. म्हणायचात, आज कालपेक्षा बरं आहे."

सर चादरीची कड सरळ करत राहिले.

"गाठींचं राहू द्या. व्हायच्या असतील तर होतील. पण मला विचारायचं नाही? अहो, माझी कंबर गेली आहे. डोकं नाही गेलं." त्या ओरडल्या नाहीत. नंतर माझ्याकडे वळल्या. "तुला माहीत होतं?"

"हो काकू. दिवाळीपासून."

"हं," त्या म्हणाल्या. एवढंच. वडिलांच्या हातचा मार मी खाल्लेला आहे. तो विसरले, पण हे 'हं' विसरता आलेलं नाही.

"बूट काढ," त्यांनी मला सांगितलं.

मी पलंगाच्या पायथ्याशी बसले आणि नाडी सोडायला लागले. एक बूट निघाला. दुसऱ्याची गाठ सोडत असताना पाय चालायला लागले. पाऊल गरम होतं आणि त्याला एवढा जोर होता की माझा हात मागे ढकलला गेला. मी दोन्ही हातांनी धरलं. ते ऐकेना. माझ्या हातांना रेटत ते पुढे जात होतं, मागे येत होतं, पुन्हा पुढे. काकूंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यांची धाप मला ऐकू येत होती. सर भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले होते. बूट निघायला किती वेळ लागला, सांगता येणार नाही.

सरांनी अहवाल लिहिला. वरच्या लोकांना तो जरा वेगळ्या शब्दांत हवा होता. सरांनी होता तसाच ठेवला आणि शेवटी एक परिच्छेद वाढवला, की हे रसायन मी स्वतः घेतलं आहे आणि एका व्यक्तीला तिच्या परवानगीशिवाय दिलं आहे. आठवड्याभरात त्यांना घरी पाठवण्यात आलं. तो विभागच बंद झाला. उरलेल्या उंदरांना सरांच्या माघारी मीच अहो-जाहो करत शेवटची सुई दिली. मग मी एका कॉलेजात शिकवायला लागले.

काकूंकडे जायला धजावले ते पावसाळ्यात. त्यांनी मला आत घेतलं, चहा दिला, आणि घडलं ते सांगितलं. तीन आठवडे त्या सरांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मग एका सकाळी म्हणाल्या, "आजपासून चालायला जायचं. आणि आल्यावर कुठे गेलात, काय पाहिलंत ते सांगायचं. खोटं सांगितलंत तर मला कळेल. भूगोल शिकवलाय मी."

सर जायला लागले. मयूर विहारहून निघून यमुनेच्या काठच्या भाज्यांच्या शेतांकडे. परत आले की पलंगाशेजारी साध्या लाकडी खुर्चीवर बसून सांगायचे. दुधीचे वेल काढलेत, आता मुळा लावलाय. पाणी लाल झालंय, वर कुठेतरी पाऊस असावा. कुठल्या बाजूनं वळलात, काकू विचारायच्या. डावीकडे खांब होता का? नव्हता? मग ते दुसरंच शेत. अशी झाडाझडती रोज चालायची. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर या दोघांनी नव्यानं बोलायला सुरुवात केली होती, असं मला तेव्हा वाटलं. क्षमा केली का, हे मी काकूंना कधी विचारलं नाही.

सुया बंद झाल्यामुळे काकूंचे पाय त्या पावसाळ्यात हळूहळू शांत झाले. पोटऱ्या वितळल्यासारख्या गेल्या. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी एकदा चादर काढून मला दाखवलं. सैन्याच्या हॉस्पिटलात पाहिल्या होत्या तशा काड्या. "आता कुठे जात नाहीत," त्या म्हणाल्या. "माझे आहेत."

सरांच्या पोटात दुखायला लागलं ते त्यानंतर दीड वर्षानं. आतड्यात गाठ, यकृतापर्यंत गेलेली. निरोप्यामुळे की आपलं नशीब, हे कुणीच सांगू शकलं नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं असं. सरांनी कारण विचारलंच नाही. काकूंच्या तपासण्या मात्र दर वेळी स्वच्छ आल्या. तो कागद हातात आला की सर तो दोनदा वाचायचे.

शेवटचे पाच दिवस हॉस्पिटलात. मूत्रपिंडं थांबली, यकृत संपलं होतं, सरांना कुणाची ओळख राहिली नव्हती. सगळं शरीर आवरत आलं होतं. निरोप्या बंद होऊन दोन वर्षं उलटली होती, तरी हृदय तेवढं आवरत नव्हतं. मॉनिटरच्या पडद्यावरची रेघ एकसारखी, ठाशीव, पहिल्या दिवशी होती तशीच पाचव्या दिवशी. नर्सेस दारातून डोकावून बघून जायच्या. एक तरुण डॉक्टर रोज सकाळी येऊन पडद्यासमोर उभा राहायचा. चौथ्या दिवशी न राहवून त्यानं काकूंना विचारलं, "आंटी, अंकल खिलाड़ी थे क्या? इस उम्र में ऐसा दिल मैंने देखा नहीं."

काकू म्हणाल्या, "नहीं बेटा. ये इनका नहीं है." त्याला काय समजलं कोण जाणे. मान डोलवून गेला.

पाचव्या दिवशी दुपारी काकूंनी मला त्यांची चाकाची खुर्ची पलंगाला भिडवायला सांगितली आणि उजवा हात सरांच्या छातीवर ठेवला. आम्ही दोघी बसून होतो. खाली रस्त्यावर फळवाला ओरडत होता. हाताबरोबर काकूंची बांगडी ठोक्याठोक्याला किंचित उडत होती, मी ती बघत होते. साडेतीनच्या सुमारास ती उडायची थांबली. मॉनिटर वाजायला लागला, नर्स आली, तिनं आवाज बंद केला आणि डॉक्टरांना बोलवायला गेली.

काकूंनी हात उचलला नाही.

"नक्की थांबलंय का?" त्यांनी विचारलं. "मला अजून लागतंय हाताला. तू बघ."

मी त्यांच्या हाताशेजारी माझा हात ठेवला. छाती अजून गरम होती. सुरुवातीला मलाही काहीतरी लागल्यासारखं वाटलं. ते त्यांचं की माझ्याच बोटांतलं, हे ओळखायला बराच वेळ गेला. मी घाई केली नाही. अगदी पूर्ण खात्री होईपर्यंत थांबले.

"हो काकू. थांबलंय."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट, बराच वेळ बघितलं. मग हात काढून घेतला.